विश्लेषण : तेंदूपानांचा दर सांगताना ग्रामसभांची गल्लत कुठे होते?

उन्हाळ्यातील मोजक्या दिवसांच्या तेंदू हंगामावर गडचिरोली-चंद्रपूरमधील अनेक कुटुंबांची वर्षाची रोकड अवलंबून असते. वनहक्क कायदा आणि 'पेसा'मुळे पाने विकण्याचा अधिकार ग्रामसभांकडे आला. दर ठरवण्याची जबाबदारीही आली.

हिशेब काय?

70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. समजा, 100 पुड्यांची मजुरी 400 रुपये ठरली, तर गोणीमागे 4,000 रुपये मजुरीतच जातात. कंत्राटदाराने 6,000 रुपये दर दिला की उरलेले 2,000 ग्रामसभेची रॉयल्टी, असे वाटते. पण बूटकटाई, फळीवरची राखण, पाने उलटवणे-सुकवणे, गोणीभराई कोणाच्या खर्चाने? करारात ते नसेल तर त्या 2,000 तूनच ही कामे भागवावी लागतात. लिलावात मात्र चर्चा फक्त वरच्या आकड्याची.

आणि पैसे कधी?

खरी अडचण इथे आहे. चढा दर बोलायचा आणि बाजार पडला म्हणून रक्कम थकवायची, या तक्रारी जुन्याच. पाने गोदामात पोहोचली की गावाच्या हाती काही उरत नाही. त्यामुळे वेळेवर पैसे देणारा, थोड्या कमी दराचा व्यापारीही अनेकदा परवडतो.

ग्रामसभेकडे एक हत्यार आहे : वाहतूक परवाना. मेंढा (लेखा) गावाला बांबूसाठी तो 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत मिळाला. 2012 च्या नियमदुरुस्तीने परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडेच सोपवले. जितक्या गोण्यांचे पैसे खात्यात, तितक्यांचाच परवाना, ही अट करारात घालता येते.