घरचा उद्योग आणि त्याचा हिशेब

आमच्या मीरा-भाईंदर शहरांत घरोघरीं लहान उद्योग चालूं झाले आहेत, ही गोष्ट आतां कोणास नवीन राहिलेली नाहीं. कोणी केक करते, कोणी पिशव्या शिवते, कोणी लोणचीं घालते. माल स्वयंपाकघरांत तयार होतो, त्याचें चित्र मोबाइलवर जातें, आणि तिसऱ्या दिवशीं तो नागपुरास पोंचतो. उत्तनकडील ईस्ट इंडियन भगिनींचा बॉटल मसालाहि याच वाटेनें परगांवीं जाऊं लागला आहे. उन्हाळ्यांत मिरच्या वाळवून, वीसांहून अधिक जिनसा निरनिराळ्या भाजून, कांडून, तो गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात. त्यावरूनच त्याचें नांव पडलें. पूर्वीं तो वर्षाच्या बेगमीचा असे, विक्रीचा नव्हे.

या उद्योगांची वाहवा पुष्कळ होते आणि ती अस्थानीं नाहीं. परंतु मागणी वाढली म्हणजे उद्योग वाढला, असें जें सरसकट समजलें जातें, तें मला मान्य नाहीं.

गतवर्षीं इयत्ता आठवीतील एक मुलगी वर्गांत वारंवार पेंगूं लागली. प्रथम मी तिच्यावर रागावलों, आणि त्याचें मला अद्याप वाईट वाटतें. पुढें तिच्या घरीं गेलों तेव्हां उलगडा झाला. आई मसाला करीत असे. बाटल्या कागदांत गुंडाळणें, पत्ते लिहिणें आणि गिऱ्हाइकांच्या निरोपांस उत्तरें देणें हें काम मुलीकडे. रात्रीचे बारा सहज वाजत. दोन वर्षांपूर्वीं शेजारचीं चार घरें हेंच ज्यांचें गिऱ्हाईक, त्यांचा माल आतां राज्यभर जात होता. मीं विचारलें, “बाई, एखादी मदतनीस कां ठेवीत नाहीं?” त्या म्हणाल्या, “सर, माणूस ठेवलं तर मला काय उरणार?”

मग आम्ही वही घेऊन बसलों. मिरची, धणे, गरम मसाला आणि बाटली यांचा खर्च त्यांनीं चोख मांडला होता. गॅस, गिरणीची दळणावळ, पुठ्ठ्याची पेटी, विक्री करून देणाऱ्या कंपनीचें कमिशन आणि वाटेंत फुटून परत आलेल्या बाटल्या यांचा उल्लेख कोठेंच नव्हता. स्वतःच्या व मुलीच्या श्रमांचा तर रकानाच नव्हता. आसपासच्या दरानें ती मजुरी धरली, तेव्हां नफा जवळजवळ नाहींसा झाला. बाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत.

येथें मला लिज्जत पापडाची आठवण होते. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात भगिनींनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पुढें हजारों स्त्रिया त्यांत आल्या. मळलेलें पीठ घरीं न्यावें, पापड लाटून आणावे, आणि वजनाप्रमाणें मजुरी घ्यावी, ही त्यांची रीत. घरांत बसून केलेल्या कामासहि दाम असतो, हें तेथें प्रारंभींच ठरलें. आरंभीं लहान मुलीहि येत. पुढें वयाची किमान मर्यादा १८ ठरविण्यांत आली. आमच्या ऑनलाइन गृहोद्योगांत अशी मर्यादा घालणार कोण? २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदा शाळा सुटल्यावर घरच्या धोका नसलेल्या धंद्यांत मुलांनीं हातभार लावण्यास मुभा देतो. ती मुभा मध्यरात्रीपर्यंत ताणली जाते, आणि तिचा हिशेब आम्हां शिक्षकांस वर्गांत दिसतो.

कागदपत्रांविषयीं थोडें सांगतों, कारण या भीतीनेंहि पुष्कळजणी अडतात. ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून चालू असून ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठीं हजार रुपये मागणाऱ्या मध्यस्थांस दाराबाहेरूनच निरोप द्यावा. अन्नपदार्थ विकणाऱ्यांस अन्नसुरक्षा कायद्याखालीं नोंदणी लागते व तिचा १४ आंकडी क्रमांक बाटलीवर छापावा लागतो. जीएसटीचें म्हणाल, तर पूर्वीं दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारांत माल मांडतांच ती नोंदणी सक्तीची होई. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल मर्यादेच्या आंत असून राज्यांतल्या राज्यांत माल विकणारांस ती सक्ति नाहीं. एक नांवनोंदणी क्रमांक घेतला म्हणजे झालें. मात्र त्या मार्गानें सुरतेस एक बाटली धाडली कीं ही सवलत गेली. गिऱ्हाईक दूरचें म्हणून हुरळून जाण्यापूर्वीं हें पाहावें.

त्या बाईंनीं पुढें बाटलीची किंमत वाढविली. कांहीं गिऱ्हाइकें तुटलीं, आणि त्याबद्दल त्यांनीं मला दोन शब्द ऐकविलेहि. आतां शेजारची एक विधवा दुपारीं येऊन बाटल्या बांधते व रोजची मजुरी घेऊन जाते. मुलगी यंदा नववीत आहे. पत्ते अद्याप तीच लिहिते, पण रविवारीं.