अंतरमापीचा रकाना

येथे कलकत्त्यास बदलून आलेले आमचे एक स्नेही हिशेब खात्यात आहेत. तक्ता केल्याशिवाय ते आंबेसुद्धा घेत नाहीत. मी एक जुना, दुसऱ्या हाताचा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा घेतला हे कळताच, मी कसा फसलो हे सिद्ध करणारा तक्ता त्यांनी दोन दिवसांत सिद्ध केला. डावीकडे कॅमेऱ्यांची नावे, आणि पुढे सेन्सरचा आकार, बिंदुसंख्या, बाजारातील किंमत असे रकाने. मी फसलो हे खरे आहे. परंतु ज्या ठिकाणी फसलो ते ठिकाण त्या तक्त्यात नाही, आणि अशा कॅमेऱ्यांची जी तुलना हल्ली सर्वत्र वाचावयास मिळते तिच्यातही ते क्वचितच सापडते. माझी तक्रार एवढीच आहे.

ह्या जातीच्या कॅमेऱ्यात भिंगातून पाहावयाचे नसते. वरच्या अंगास एक खिडकी असते आणि तिच्यापासून काही अंतरावर एक लहान झरोका. दोहोंतून येणाऱ्या प्रतिमा खिडकीच्या मध्यभागी एकमेकींवर पडतात. भिंगाचे कडे फिरविले की एक प्रतिमा सरकते, आणि दोन्ही एकरूप झाल्या की त्या वस्तूचे अंतर साधले. हाच अंतरमापी. भूमापन खात्यातील वाचकांना ह्या त्रिकोणाची ओळख करून देण्याची गरज नाही. पाया जितका रुंद तितके माप नेमके. मात्र येथे पायाला खिडकीच्या वर्धनाने गुणावे लागते, तेव्हा खरा उपयोगी पाया मिळतो.

आता हिशेब पाहा. १९५४ सालच्या लायका एम३ ह्या फिल्मच्या कॅमेऱ्यात हा उपयोगी पाया सुमारे ६२ मिलिमीटर होता. २००४ साली आलेल्या एप्सन आर-डी१ ह्या पहिल्या डिजिटल रेंजफाइंडरमध्ये तो सुमारे ३८ आहे. २००६ च्या लायका एम८ मध्ये आणि २००९ च्या एम९ मध्ये ४७, आणि २०१७ च्या एम१० पासून ५०. उलटपक्षी बिंदुसंख्या आर-डी१ मध्ये साठ लाख होती, ती २०२२ च्या एम११ मध्ये सहा कोटी झाली. म्हणजे अठरा वर्षांत चूक उघडी पाडण्याची शक्ती दसपट वाढली, आणि चूक टाळणारे साधन १९५४ च्या मापापर्यंतही पोहोचले नाही. फिल्मला थोडी जाडी असे, थोडा बाक असे; ती लहानसहान दोष पोटात घालीत असे. सेन्सर सपाट आहे, आणि चित्र पडद्यावर नखाएवढ्या तुकड्यांत मोठे करून पाहण्याची खोड आपणा सर्वांस लागली आहे. असे असता तुलना मात्र बिंदूंची! निविदा उघडताना तांत्रिक पात्रतेचे पाकीट तसेच ठेवून किमतीचे पाकीट आधी फोडणाऱ्या अधिकाऱ्यास आपण काय म्हणू?

आर-डी१ ची बाजू घेऊन एक शब्द. त्याच्या खिडकीत जग आहे त्याच आकाराचे दिसते, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येते. माझ्या मते डिजिटल कॅमेऱ्याला लाभलेली ती सर्वांत सुखद खिडकी आहे. तीत २८, ३५ आणि ५० मिलिमीटरच्या भिंगांच्याच चौकटी आहेत. ही मर्यादा मला प्रामाणिक वाटते.

दुसरा पक्ष भाविकांचा. एम८ आणि एम९ ह्यांच्या सीसीडी सेन्सरच्या रंगांत काही दैवी गुण आहे असे हा पक्ष मानतो. त्याच एम८ च्या सेन्सरपुढील अवरक्त किरण अडविणारी काच इतकी पातळ होती की कृत्रिम धाग्याचे काळे कापड चित्रात जांभळे उमटे, आणि त्यावर उपाय म्हणून कंपनीने ग्राहकांस भिंगावर लावण्याचे गाळणे विनामूल्य दिले, ही गोष्ट भाविक हसत सांगतात. एम९ च्या सेन्सरवरील काच कालांतराने झिजून डागाळते. कंपनीने २०१४ साली हा दोष मान्य करून सेन्सर बदलून देण्यास आरंभ केला, परंतु २०२० साली नवे सेन्सर संपले. ज्या घराण्याची कीर्ती नातवाच्या हाती चालू स्थितीत जाणाऱ्या यंत्रांवर उभी राहिली, त्याची ही कथा आहे. जुन्या बाजारात मात्र किंमत त्या कीर्तीची लागते, आणि ती बहुशः ज्या अवयवासाठी मोजली जाते तोच आधी नासतो.

माझ्या कॅमेऱ्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. नाव दिले की वाचक यंत्र सोडून नावाशी भांडतात. विक्रेत्याने सेन्सर स्वच्छ असल्याची, झडप किती वेळा उघडली त्याची, मूळ खोके असल्याची ग्वाही दिली. अंतरमापीविषयी त्याने चकार शब्द काढला नाही, आणि मीही विचारले नाही. पुढच्याच आठवड्यात आमच्या कचेरीतील एका वृद्ध शिपायाचा निरोपसमारंभ झाला. दालनात उजेड कमी, म्हणून भिंग पूर्ण उघडले. मी चित्रे घेत आहे हे पाहून इतरांनी आपले फोन खिशात ठेवले. घरी येऊन पाहतो तो प्रत्येक चित्रात पाठीमागच्या भिंतीवरील घड्याळ लखलखीत, आणि त्या गृहस्थांचा चेहरा धुक्यात. "जागीच पडद्यावर का पाहिले नाहीत?" असे आमचे स्नेही विचारतात. पाहिले होते. त्या लहान पडद्यावर सारेच सुरेख दिसते. ते गृहस्थ आता बलिया जिल्ह्यातील आपल्या गावी गेले आहेत, आणि त्यांना पाठविण्याजोगे एकही चित्र माझ्यापाशी नाही.

नंतर हुगळीच्या घाटावर उभा राहून हावडा पुलाच्या पोलादी खांबावर नेम धरला. भिंगाचे कडे अनंताच्या खुणेवर टेकले तरी दोन खांब काही एक होईनात. ही परीक्षा विकत घेण्यापूर्वी अर्ध्या मिनिटात झाली असती. जवळच्या अंतरासाठी मोजपट्टी तिरपी ठेवून, भिंग पूर्ण उघडून तिच्या एका आकड्यावर नेम धरावा. चित्रात तोच आकडा स्पष्ट यावा. ह्याला तज्ज्ञ लागत नाही.

ह्यावर सुधारकांचे उत्तर ठरलेले आहे: मग भिंगातून आलेले चित्रच पडद्यावर पाहून नेम साधा. २०१२ साली जाहीर झालेल्या लायका एम मध्ये ती सोय आलीच, आणि २०२५ च्या एम ईव्ही१ मध्ये तर अंतरमापी काढूनच टाकला. मला त्याचा राग नाही. ज्याला नेमकेपणाच हवा त्याने खुशाल तो घ्यावा. परंतु त्याला ह्याच तक्त्यात बसवू नये. खिडकीतून चौकटीबाहेरचेही दिसते. दारातून आत येऊ पाहणारा मनुष्य चौकटीत शिरण्यापूर्वी आपल्याला दिसलेला असतो. ह्या एका गोष्टीसाठी मी एवढे पैसे मोजले, आणि पुन्हा मोजीन.

कॅमेरा दुरुस्त होऊन आला आहे. स्नेह्यांचा तक्ता मी त्यांना परत पाठविला. शेवटी 'अंतरमापीची स्थिती' असा एक रकाना हाताने आखून. तो अद्याप भरून आलेला नाही.