शिकारी पक्ष्यांची हजेरी

शाळेंत रोज सकाळीं पहिलें काम कोणतें, असें विचारल्यास प्रत्येक विद्यार्थी 'हजेरी' असेंच उत्तर देईल. शिक्षकास हें काम कंटाळवाणें वाटतें व विद्यार्थ्यांस निरर्थक. तथापि एखादा मुलगा लागोपाठ चार दिवस गैरहजर दिसला, म्हणजे त्याच्या घरीं कांहीं दुखणें तर नाहीं ना, ही चौकशी त्या हजेरीपटामुळेंच सुरू होते. गरुड, ससाणे, घारी, गिधाडें या पक्ष्यांचीहि अशीच हजेरी नेमानें घेतली पाहिजे, असें माझें मत आहे, व तें येथें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

"पक्षी मोजून कोणाचें पोट भरतें?" असा प्रश्न पुष्कळ सुज्ञ गृहस्थ करितात. त्याचें उत्तर अमेरिकेंतील एका डोंगरानें दिलें आहे. पेनसिल्व्हानिया संस्थानांत हॉक माउंटन म्हणून एक डोंगर आहे. शरद्ऋतूंत हजारों शिकारी पक्षी त्यावरून दक्षिणेकडे जातात, आणि एके काळीं तेथें बंदुका घेऊन बसलेले लोक केवळ मौजेखातर ते पाडीत. सन १९३४ मध्यें रोझली एज या बाईंनीं तो डोंगर भाडेपट्ट्यानें घेतला व मॉरिस ब्राउन यांस रक्षक नेमिलें. ब्राउन यांनीं बंदुका थांबविल्या, आणि शिवाय रोज जाणारे पक्षी मोजून वहींत टिपण्यास प्रारंभ केला. महायुद्धाचीं कांहीं वर्षें सोडल्यास ती गणना अद्यापि चालूं आहे.

या कंटाळवाण्या वहीचा उपयोग पुढें झाला. पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकन गरुडांत पिलांचें प्रमाण घटत चाललें आहे, हें तीवरून दिसून आलें. फ्लॉरिडांत चार्ल्स ब्रोली नांवाचे बँकेंतून निवृत्त झालेले गृहस्थ उतारवयांत झाडांवर चढून गरुडांच्या पिलांच्या पायांत कडीं घालीत. त्यांनाहि घरटीं ओस पडूं लागल्याचें आढळलें. रेचेल कार्सन बाईंनीं १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत हे पुरावे मांडले. शेतांवर फवारलेलें डी.डी.टी. हें विष पाण्यांतून माशांत व माशांतून गरुडांत साठत होतें. त्यायोगें अंड्यांचें कवच इतकें पातळ होई कीं, उबविणाऱ्या आईच्याच भारानें तें फुटे. सन १९६३ मध्यें अलास्का वगळून त्या देशांत गरुडांच्या अवघ्या ४१७ जोड्या उरल्या होत्या. सन १९७२ मध्यें डी.डी.टी.वर बंदी आली, आणि २००७ सालापर्यंत जोड्यांची संख्या दहा हजारांच्या घरांत जाऊन त्या पक्ष्याचें नांव संकटग्रस्तांच्या यादींतून काढण्यांत आलें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आमच्या लहानपणीं गांवाबाहेरच्या माळावर मेलेलें जनावर टाकिलें कीं, घटकाभरांत आकाशांतून गिधाडें उतरत व संध्याकाळपर्यंत तेथें हाडेंच उरत. गिधाडें हीं कावळ्यांप्रमाणें नेहमींचींच, तीं कोण मोजणार? सुदैवानें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनीं १९९१ ते १९९३ या काळांत उत्तर व मध्य हिंदुस्थानांत मोटारीनें फिरून रस्त्याच्या दुतर्फा दिसणारे शिकारी पक्षी मोजून ठेविले होते. पुढें त्याच रस्त्यांवर पुनः गणना झाली, तेव्हां सर्वांस धक्का बसला. पांढऱ्या पाठीचीं जीं गिधाडें पूर्वीं हजार होतीं, त्यांपैकीं २००७ सालीं सुमारें एकच उरलें होतें. लांब चोचीच्या व निमुळत्या चोचीच्या गिधाडांतहि शंभरांतून तीनच शिल्लक होतीं. पहिली गणना नसती, तर "पूर्वीं गिधाडें फार दिसत" एवढ्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यापलीकडे कांहींच पुरावा नसता, व त्या बोलण्यावर कोणतेंहि सरकार हललें नसतें.

कारण काय होतें? सन २००४ मध्यें पाकिस्तानांतील संशोधनावरून तें प्रसिद्ध झालें. डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक औषध दिलेलें जनावर लवकरच मेलें व गिधाडांनीं तें खाल्लें, म्हणजे त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मरत. शंभर प्रेतांत एकाहूनहि कमी प्रेतांत हें औषध असल्यास तेवढेंहि एवढ्या संहारास पुरे होतें. वर्षाला एकच अंडें घालणारा व सुमारें पांच वर्षांनीं वयांत येणारा हा पक्षी इतकें नुकसान भरून काढूं शकत नाहीं.

येथें एक गोष्ट वाचकांनीं मनन करण्यासारखी आहे. या प्रकरणांत दुष्ट कोणीच नव्हता. लंगडणाऱ्या बैलाच्या वेदना पाहवेनात, म्हणून शेतकऱ्यानें दयेनेंच औषध दिलें. जेथें पाप हेतुपुरस्सर घडतें, तेथें मनुष्याची सदसद्विवेकबुद्धि त्यास टोंचते. परंतु दयेच्या पोटीं झालेला अनर्थ तिला दिसत नाहीं. तो फक्त गणनेंतच दिसतो. म्हणून मी गणनेस धर्मकृत्य मानितों.

आणि पोटाचा प्रश्न? गिधाडें गेलीं, मढीं कुजूं लागलीं, मोकाट कुत्रीं वाढलीं व पाणी दूषित झालें. दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, या कारणानें २००० ते २००५ या काळांत सुमारें पांच लक्ष माणसें अधिक मृत्यु पावलीं, असा अंदाज दिला आहे. पक्षी मोजण्यांत माणसांचा विसर पडतो, असें म्हणणारांनीं हा आंकडा पाहावा.

मात्र मोजणें म्हणजे रक्षण करणें नव्हे. दावीद राजानें आपलें सैन्यबळ जाणण्यासाठीं लोकांची शिरगणती केली, ती त्याच्या अंगीं दोष म्हणूनच लागली. उलट, दृष्टांतांतील मेंढपाळास शंभरांतून एक मेंढरूं हरवल्याचें कळलें, कारण तो मोजीत होता; आणि कळतांच तो स्वस्थ न बसतां शोधावयास निघाला. आमच्या सरकारनें २००६ सालीं जनावरांसाठीं डायक्लोफेनॅक बंद केलें. मेलॉक्सिकॅम हें निर्धोक औषध उपलब्ध होतें. तरीहि माणसांसाठींच्या मोठ्या कुप्या गुरांस टोंचल्या जात, म्हणून २०१५ सालीं कुपीचें माप तीन मिलिलिटरांवर आणावें लागलें. केटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक हीं तशींच घातक औषधें बंद होण्यास मात्र २०२३ साल उजाडलें. पटावर गैरहजेरी मांडून घरीं चौकशीस जाण्यास एवढा विलंब लागावा, हें भूषणास्पद नाहीं. पिंजोर येथें वाढविलेलीं कांहीं गिधाडें २०२४ सालीं आपल्या ताडोबा व पेंच येथें आणण्यांत आलीं, हें स्तुत्य आहे. परंतु आणलेल्यांची हजेरी कोणी घेत राहील, तरच त्या श्रमांचें चीज होईल.

शास्त्रवचनांत ज्यास आपण 'गरुड' म्हणून वाचतों, तो मूळ इब्री शब्द गिधाडासहि लागूं पडतो, असें पंडित सांगतात. मीखा संदेष्ट्यानें तर त्याच्या टकलाचा उल्लेख केला आहे. ज्या पक्ष्याचें नांव आपण शिवी म्हणून वापरतों, त्यास प्राचीन भक्तांनीं सामर्थ्याची उपमा मानिलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

विद्यार्थ्यांस माझी एकच सूचना आहे. महिन्यांतून एक ठराविक संध्याकाळ, त्याच ठिकाणीं, तितकाच वेळ उभे राहून आकाशांतील घारी मोजाव्यात व तारखेसह वहींत टिपाव्यात. पक्षी विपुल आहेत तोंवरच ही वही सुरू झाली पाहिजे. ते दिसेनासे झाल्यावर सुरू केलेली वही कशाशीं ताडून पाहणार? पहिलीं दोन वर्षें तींतून कांहींच निष्पन्न होणार नाहीं. तरीहि ती पुढील वर्गाच्या हातीं द्यावी.