डोनेशन भरले, देणगीचे काय?

जून तोंडावर आला की आपल्या भागात घरोघरी एक शब्द हमखास ऐकू येतो, ‘डोनेशन’. कुणाच्या मुलाला कुठे सीट मिळाली यापेक्षा किती मोजावे लागले, याचीच चौकशी जास्त. ती घरात मराठीत होते, शेजारच्या अक्कांशी कन्नडमध्ये होते, शब्द मात्र तोच. कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा कर्नाटकात १९८४ सालीच झाला. शब्दाला काही बंदी झाली नाही.

याचा परिणाम चार वर्षांनी दिसतो. मुलगा पदवी घेऊन बेंगळूरला नोकरीला लागतो आणि घरच्या पत्त्यावर कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचे पत्र येते. आई फोनवर सांगते. तिकडून उत्तर येते, “अ‍ॅडमिशनला भरलंय की गं आई डोनेशन! आता आणि कशाला?” आईलाही ते पटते. पत्र रद्दीच्या गठ्ठ्यात जाते.

वाचकहो, मुलाचे चुकले असे मी म्हणणार नाही. चार वर्षे ज्याची ओळख फक्त फीच्या पावतीपुरती ठेवली, त्याला पाचव्या वर्षी ‘आपले कॉलेज’ म्हणून हाक मारली तर तो वळून कसा बघणार? पण डोनेशन आणि देणगी या दोन गोष्टी आपण एकाच पिशवीत घातल्या आहेत, त्या वेगळ्या करायला हव्यात. मराठीत आपण देणगी म्हणतो, कन्नडमध्ये देणिगे. शब्द सख्खे भाऊ आहेत. डोनेशन आधी द्यावे लागते, काहीतरी मिळावे म्हणून. देणगी मागाहून दिली जाते, काहीतरी मिळाले म्हणून.

आणि आपला भाग तर देणगीवरच शिकला आहे. बेळगावात १९१६ साली सात तरुण शिक्षक मंडळींनी पुढाकार घेतला आणि के.एल.ई. संस्था उभी राहिली. लोक आजही त्यांना सप्तर्षी म्हणतात. शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी आपली इस्टेट समाजातल्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. १९३३ साली निघालेले लिंगराज कॉलेज त्यांचेच नाव चालवते. कोल्हापूरकडे पाहिले तर कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. ते वर्ग या कुणी केवळ स्वतःच्या मुलांसाठी उभे केले नव्हते. बसलो आपण, आपले आईवडील, आता आपली मुले.

आज या कॉलेजांतली मुले पुण्याला, बेंगळूरला, हैदराबादला जातात. जावीतच. पण मागे राहिलेल्या कॉलेजात प्राध्यापक निवृत्त होतात आणि जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या खानापूरकडच्या मुलीसाठी ग्रंथालयात नवी पुस्तके कोण आणणार? तिचा बसचा पास, परीक्षेची फी कोण बघणार? सरकारकडे बोट दाखवून ते वर्ष निघून जाते, आणि एक वर्ष गेले की तिचे शिक्षणही जाते.

मोठ्या देणग्यांच्या बातम्या आपण वाचतो. काही काळ धारवाडला शिकलेले नंदन निलेकणी १९७३ साली मुंबईच्या आय.आय.टी.त दाखल झाले. त्याला पन्नास वर्षे झाली म्हणून २०२३ मध्ये त्यांनी संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे ८५ कोटी वेगळे. अशी बातमी वाचून नुकताच नोकरीला लागलेला मुलगा म्हणतो, “आपलं काय जातंय त्यात? ते मोठ्या लोकांचं काम.” घोटाळा होतो तो इथेच. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८९० मध्ये माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधी सुरू केला, त्यामागची कल्पना अगदी साधी होती. जमेल तेवढे द्यावे, पण दरवर्षी द्यावे. देण्याची सवय पहिल्या पगारापासून लागली तरच ती पन्नाशीला टिकते. पंचवीस वर्षे ज्याची विचारपूस केली नाही, तो श्रीमंत झाल्यावर आठवणीने परत येईल, या भरवशावर संस्था चालत नाही.

हिशेब करून पाहू. साठ जणांच्या वर्गातल्या चाळीस जणांनी महिन्याला शंभर रुपये दिले, तर वर्षाला अठ्ठेचाळीस हजार होतात. बेंगळूरच्या हॉटेलात एका वेळच्या चहा-डोशाला आज तेवढे सहज जातात. आपण म्हणतो थेंबे थेंबे तळे साचे. कन्नडमध्ये म्हणतात, हनि हनि गूडिदरे हळ्ळ, तेने तेने गूडिदरे बळ्ळ. थेंब मिळून ओढा, कणसे मिळून मापभर धान्य. दोन्ही भाषांतल्या आज्ज्यांनी सांगून ठेवलेलेच आहे.

तरीही शंभर रुपये जड जावेत अशी मुले आहेत. शैक्षणिक कर्जाचे हप्ते बहुधा शिक्षण संपल्यावर वर्षभरात सुरू होतात, घरी बहिणीचे लग्न असते. अशा मुलाकडे पैसे मागूच नयेत, वेळ मागावा. गावाकडचे पोर पहिल्यांदा बेंगळूरला मुलाखतीला उतरते, तेव्हा त्याला दोन दिवस खोलीवर ठेवून घेणे, बस कुठली ते सांगणे, बायोडाटा तपासून देणे, बँकेच्या परीक्षेची आपली जुनी पुस्तके पाठवून देणे, ही सारी देणगीच आहे. ज्याला असा हात मिळाला, तो पुढे तिसऱ्याला हात देतो. निधीची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते.

आता कॉलेजांसाठी दोन शब्द. पुष्कळ ठिकाणी माजी विद्यार्थी संघ नॅकची समिती यायच्या आधी महिनाभर जागा होतो. नॅकने २०१७ च्या पद्धतीत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे स्थान दिले, ते चांगलेच झाले. पण समिती परत गेली की रजिस्टर पुन्हा कपाटात. त्याऐवजी शेवटच्या वर्षाला असतानाच प्रत्येक तुकडीचे दोन प्रतिनिधी ठरवावेत, एक मुलगा आणि एक मुलगी. फोन नंबर आणि पत्ते दरवर्षी तपासण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बाहेर पडलेल्या तुकडीशी भेटवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागण्याआधी सांगावे: गेल्या वर्षी किती जमले, कशावर गेले, किती मुलांचे काम झाले. एका पानाचे पत्र पुरे, पण मराठी आणि कन्नड, दोन्हीत असावे, म्हणजे घरातल्या सर्वांना वाचता येईल.

“पैसे कुठे जातात कोण जाणे,” ही तरुणांची शंका रास्त आहे. तिच्यावर रागावू नये, उत्तर द्यावे. संघ रीतसर नोंदलेला असावा, वेगळे बँक खाते असावे, हिशेब तपासलेला असावा. देणाऱ्यानेही ‘ग्रंथालयासाठी’, ‘मराठी विभागासाठी’ असा उल्लेख करून द्यावे आणि पावती मागून घ्यावी. दोन हजारांवरची देणगी रोख दिली तर तिच्यावर करसवलत मिळत नाही, आणि ज्याने नवी करपद्धत घेतली त्याला ही सवलत तशीही नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

पालकांनो, आपलेही काम आहे. मुलाच्या पहिल्या पगाराचे पेढे देवापुढे ठेवतो, शेजारी वाटतो. त्यातला एक पुडा त्याच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना, एक प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना जाऊ द्या, आणि तो मुलाच्याच हातून जाऊ द्या. पुढचे पत्र मग रद्दीत जाणार नाही.

शेवटच्या वर्षाची मुले निरोप समारंभाला वर्गणी काढतात. बहुतेक ठिकाणी त्यातून भिंतीवरचे घड्याळ येते, नाहीतर पाण्याचा कूलर, आणि दोन वर्षांत तो बंद पडतो. यंदा आपल्या तुकडीच्या नावाने छोटासा निधी काढा, खालच्या वर्गातल्या एका गरजू मुलीची परीक्षा फी भरण्यापुरता. पुढच्या वर्षी त्यात भर घाला. निरोपाला कन्नडमध्ये बीळ्कोडुगे म्हणतात. त्या शब्दात ‘कोडु’ आहे, म्हणजे देणे.