बॅटरी नवी, तरी गाडी मुकी

मैत्रिणींनो, मिक्सरचे कार्बन झिजले की कसा वास येतो, गॅसची नळी केव्हा बदलायची, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण दारातल्या मोटारीचं बॉनेट उघडायची वेळ आली, की आपण चार पावलं मागे सरतो. मुलांना शाळेत सोडायला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्वतःच गाडी चालवतात. मग तिचं दुखणंखुपणं ओळखायला नको का?

सकाळी किल्ली फिरवली, की गाडी नुसतं ‘टक्’ करून गप्प बसते. गॅरेजवाला येतो आणि काही न तपासताच सांगतो, ‘वहिनी, बॅटरी गेली.’ काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसते, आणि आठवडाभराने पुन्हा तेच! आमच्या शेजारणीकडे अगदी असंच झालं. जुनी बॅटरी बिचारी ठणठणीत होती. बिघडला होता अल्टरनेटर.

बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी समजा, आणि अल्टरनेटर म्हणजे टाकीत पाणी चढवणारा पंप. पंपच बंद पडला तर नवी टाकी आणून काय उपयोग? इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून अल्टरनेटर वीज तयार करतो. वेटोळ्याजवळ चुंबक हललं की तारेत वीज वाहते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखवलं. आपण शाळेत शिकलो, तेच हे तत्त्व. या विजेवर दिवे, वायपर, पंखा चालतात आणि बॅटरीही भरते.

अल्टरनेटर थकला की आधी सूचना देतो. गाडी चालू असताना बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो. सिग्नलला थांबल्यावर पुढचे दिवे मंदावतात आणि वेग दिला की उजळतात. पट्टा किंचाळतो, रबर जळाल्याचा वास येतो, किंवा बेअरिंग घरघरतं. किल्ली फिरवल्यावर तो लाल दिवा क्षणभर लागून इंजिन सुरू होताच विझायला हवा. मुळीच लागला नाही, तरीही तपासणी करून घ्या.

आता परीक्षा. विजेच्या सामानाच्या दुकानात साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या अधिक खुणेवर, काळं उणे खुणेवर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू. आता आकडा साधारण १३.८ ते १४.५ हवा. दिवे आणि एसी लावूनही तो १३ च्या खाली जाता कामा नये. बारावरच अडून खाली घसरत असेल, तर दोष चार्जिंगचा. १५ च्या वर टिकून राहिला तर रेग्युलेटर बिघडला असण्याचा संभव. अशाने बॅटरी जास्त तापून खराब होते. काही नव्या गाड्यांत चार्जिंग संगणक कमीजास्त करतो, म्हणून दिवे लावून पाहणं महत्त्वाचं.

हे करताना पदर किंवा ओढणी घट्ट खोचा, वेणी बांधा, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा. इंजिन बंद असलं तरी गरम गाडीतला पंखा अचानक फिरू शकतो. आणि चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याचा जुना उपाय कुणालाही करू देऊ नका. त्याने डायोड आणि गाडीतला संगणक जळू शकतो.

आकडा कमी आला म्हणून लगेच नवा अल्टरनेटर घेऊ नका. पट्टा सैल किंवा तडकलेला आहे का, बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट बुरशी साचली आहे का, मागची तार सुटली आहे का, हे आधी पाहायला सांगा. नुसते कार्बन, बेअरिंग किंवा रेग्युलेटर गेला असेल तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन तेवढाच भाग बदलून देतो. आतलं वेटोळंच जळलं असेल, तर मात्र बहुधा पूर्ण नवा घेणंच बरं.

बदलताना बॅटरीची उणे तार सर्वांत आधी निघावी आणि सर्वांत शेवटी बसावी. नवा अल्टरनेटर जुन्याइतक्याच अँपिअरचा हवा. रिकामी बॅटरी आधी चार्जरवर भरून घ्या. नव्या पंपावर पहिल्याच दिवशी एवढा भार नको. जुना भाग आणि गॅरंटीचं बिल मागून घ्या, आणि पैसे देण्यापूर्वी मीटर लावून आकडा स्वतः पाहा.

वाटेत लाल दिवा लागला तर एसी, रेडिओ बंद करा आणि इंजिन न थांबवता जवळचं गॅरेज गाठा. मात्र इंजिन तापू लागलं तर लगेच थांबा. पट्टा तुटला असेल तर काही गाड्यांत पाण्याचा पंपही बंद पडतो.

१२.६ आणि १४ हे दोन आकडे वाणसामानाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. ‘बॅटरी गेली’ असं कुणी म्हणालं, तर शांतपणे एवढंच विचारा, ‘गाडी चालू असताना किती व्होल्ट दाखवते हो?’