विश्लेषण : पोकरमध्ये झाकली मूठ महागात का पडते?

हातात दोन एक्के आले की नवखा ऑनलाइन पोकरपटू बहुधा गप्प बसतो. पैज वाढवली तर बाकीचे पत्ते टाकून देतील, ही त्याची भीती. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे धोरण ऐकायला चतुर वाटते. मात्र काही सेंटच्या ऑनलाइन टेबलांवर तेच सर्वाधिक तोटा करते.

समोरचा नेमका काय चुकतो?

पोकरमधील नफा प्रतिस्पर्ध्याच्या चुकीतून येतो. लहान रकमेच्या टेबलांवरची नेहमीची चूक म्हणजे अतिरेकी कॉल. रक्कम किरकोळ असल्याने ‘बघू तरी काय आहे’ म्हणून लोक साध्या जोडीवरही पैसे टाकतात. जो पळणारच नाही, त्याच्यापासून पत्ते लपवण्यात अर्थ नाही. त्याला प्रत्येक फेरीत किंमत मोजायला लावणे हाच शहाणपणा.

एक फेरी गप्प बसले तर किती नुकसान?

टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाकडे दोन बंद पत्ते असतात. टेबलावर आधी तीन (फ्लॉप), मग चौथा (टर्न) आणि पाचवा (रिव्हर) पत्ता उघडतो. समजा, फ्लॉपला पॉटमध्ये ६० सेंट आहेत आणि समोर एकच खेळाडू आहे. दर फेरीला पॉटच्या निम्मी पैज लावली आणि त्याने कॉल केला, तर ३०, ६० आणि १२० असे २१० सेंट त्याच्याकडून येतात. फ्लॉपला गप्प राहून उरलेल्या दोन फेऱ्यांत तसेच खेळल्यास ३० आणि ६०, म्हणजे फक्त ९० सेंट. तीनपैकी एक फेरी सोडली, पण निम्म्याहून अधिक कमाई गेली. कारण पॉट चक्रवाढीने फुगतो.

पैज किती मोठी असावी?

समोरच्याकडे चार बदाम आहेत आणि पाचव्याची वाट पाहत तो रिव्हरला थांबला आहे. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम, म्हणजे संधी सुमारे २० टक्के. पॉट १०० सेंटचा असताना २० ची पैज लावली, तर त्याला १४ टक्के संधीही पुरते. त्याचा कॉल बरोबर ठरतो. ७५ ची लावली, तर त्याला ३० टक्के संधी हवी. तरीही तो कॉल करतो आणि दीर्घकाळात हरतो. लाजत लावलेली छोटी पैज म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेली सवलत.

मग थांबायचे कधी?

फ्लॉपवर दोन राजे आले आणि उरलेले दोन आपल्याच हातात असले, तर समोरच्याकडे कॉल करण्याजोगे काही उरत नाही. तिथे एक फेरी थांबणे योग्य. दुसरा प्रसंग उलटा आहे. एरवी फक्त कॉल करणारा खेळाडू रिव्हरला अचानक मोठी रक्कम वाढवतो, तेव्हा या टेबलांवर तो क्वचितच ब्लफ करत असतो. दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात, म्हणून ते सोडवत नाहीत. पण टेबलाने साथ दिली नाही तर ती शेवटी एकच जोडी असते. ती टाकता न येणारा खेळाडू आधी कमावलेले तिथेच परत करतो.

भारतात याचा उपयोग काय?

संसदेने २०२५ मध्ये केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला त्याच वर्षी २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणे त्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बंदीचा रोख चालकांवर आहे, खेळाडूला शिक्षा नाही. तरीही परदेशी ॲपवर अडकलेले पैसे सोडवायला दाद मागण्याची वाट जवळपास उरत नाही.

शिवाय ॲपचालक प्रत्येक मोठ्या पॉटमधून आपला वाटा कापतो. त्यामुळे सगळे सारखेच खेळले तरी टेबलावरचे पैसे घटतच जातात. जिंकणाऱ्याचा नफा हिशेब न करणाऱ्याच्याच खिशातून येतो आणि तो बहुतेकदा नवखा असतो. वरची आकडेमोड शिकायची तर काल्पनिक चिप्स पुरेशा आहेत.