देवाचे काम आणि कागदाचे काम

बेंगळुरूच्या विधानसौधाच्या दर्शनी भागावर एक कन्नड वाक्य कोरलेले आहे : ‘सरकारद केलस देवर केलस’. सरकारचे काम हे देवाचे काम, असा त्याचा अर्थ. १९५६ साली पूर्ण झालेल्या या भव्य वास्तूमागे मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांची दृष्टी होती. मराठी माणसाच्या तोंडी मात्र सरकारी कामाविषयी निराळीच म्हण रुळलेली आहे : ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’. पहिले वाक्य राज्यकर्त्याच्या आकांक्षेतून जन्मले, दुसरे सामान्य माणसाच्या अनुभवातून. या दोहोंमधील अंतर कशाने भरले आहे, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच येईल : कागदाने.

सरकारी शाळा आणि सरकारी दवाखाना या गरिबाला सर्वांत जवळच्या दोन संस्था होत. त्यांचा कारभार नोंदींवाचून चालणार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. ज्या मुलाच्या जन्माचा दाखला घरात नसतो, त्याच्या वयाचा पुरावा शाळेच्या नोंदवहीतील एका ओळीतून मिळतो. लसीकरणाच्या कार्डावरील तारखा नसतील, तर बाळाला कोणती लस मिळाली आणि कोणती राहिली, हे सांगता येत नाही. नोंद ही दुर्बलांची ढाल आहे. प्रश्न आहे तो ढालीचेच ओझे इतके वाढण्याचा, की ती पेलणाऱ्याला हातपाय हलवणे अशक्य व्हावे.

प्रशासन कामाच्या प्रमाणात वाढत नाही, ते आपल्याच नियमाने वाढत जाते, असा सिद्धान्त इंग्लंडमधील इतिहासकार सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली मांडला. त्यांनी दिलेले उदाहरण ब्रिटिश नौदलाचे होते. १९१४ साली नौदलाच्या सेवेत ६२ मोठ्या युद्धनौका होत्या. १९२८ साली त्या २० उरल्या. खलाशी व अधिकारी यांची संख्याही सुमारे एकतृतीयांशाने घटली. मात्र त्याच काळात नौदलाच्या मुख्य कार्यालयातील अधिकारी २,००० वरून ३,५६९ वर गेले. जहाजे कमी झाली आणि जहाजांविषयी लिहिणारे वाढले! पार्किन्सन यांचे लेखन विनोदी ढंगाचे असले, तरी त्यातील आकडे विनोदी नव्हते.

भारतातील सरकारी शाळांना हा सिद्धान्त जसाच्या तसा लावून चालणार नाही. येथे कार्यालयांची उतरंड वर आहे. तळाशी मात्र कारकून नाही. प्राथमिक शाळेत सहसा लिपिकाचे पदच नसते. बेंगळुरूच्या वेशीवरील आनेकल किंवा देवनहळ्ळीसारख्या तालुक्यातील एखाद्या दोन शिक्षकी शाळेचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. शिक्षण खाते माहिती मागते, ती माहिती गटाकडून संकुलाकडे आणि संकुलाकडून शाळेकडे उतरते. शेवटची पायरी म्हणजे फळ्यासमोर उभी असलेली शिक्षिका. तिच्या खाली कोणी नाही. तिच्यासमोर फक्त मुले आहेत. तेव्हा वरून आलेला प्रत्येक तक्ता मुलांच्या वाट्याच्या वेळातूनच भरला जातो. आपल्याकडे कारकून वाढले असोत वा नसोत, कारकुनी निश्चितच वाढली आहे, आणि ती ज्यांनी करू नये त्यांच्या माथी आली आहे.

यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. ओझे एकेका चांगल्या योजनेच्या हाताने येते, हेच या प्रश्नाचे खरे अवघडपण आहे. माध्यान्ह भोजन हवे, हे कोण नाकारील? कर्नाटकात २०१३ पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेतून मुलांना दूध मिळू लागले. पुढे अंडी आली. भुकेल्या मुलाच्या ताटात अंडे पडले, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु तांदळाचा साठा, दुधाच्या भुकटीचा हिशेब, अंड्यांची खरेदी आणि त्या दिवशीची पटावरील उपस्थिती यांचा मेळ घालणारा माणूस योजनेबरोबर आला नाही. तो शाळेतच शोधण्यात आला. शिवाय प्रत्येक मुलाची माहिती राष्ट्रीय संगणक प्रणालीत भरायची आणि राज्याच्या प्रणालीतही भरायची. संगणक आला, पण वही गेली नाही. पूर्वी एकदा लिहिले जात होते, ते आता दोनदा लिहिले जाते.

या बाबतीत कायदा मुका नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम शिक्षकांना शिक्षणेतर कामाला जुंपण्यास मनाई करते. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद त्यात आहेत. तरीही २२ सप्टेंबर २०२५ पासून कर्नाटकात सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झाले, तेव्हा घरोघरी जाण्याचे काम मुख्यतः शिक्षकांवर सोपवण्यात आले. ते वेळेत संपेना, म्हणून सरकारी व अनुदानित शाळांची दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवण्यात आली. मागास समाजांची स्थिती जाणून घेण्याचा हेतू न्याय्य असू शकतो. पण समाज किती शिकला हे मोजण्यासाठी त्याच समाजाच्या मुलांची शाळा बंद ठेवावी लागावी, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही. खाजगी शाळेतील मुलाचा या काळात फारसा तोटा झाला नाही. ज्यांच्या नावाने गणना चालली होती, त्यांच्याच मुलांचे वर्ग रिकामे राहिले.

दवाखान्यांची स्थिती याहून फार वेगळी नाही. कर्नाटक सरकारने नेमलेल्या आणि डॉ. एच. सुदर्शन यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्यविषयक कार्यदलाने २००१ साली आपला अहवाल सादर केला. भ्रष्टाचार, सार्वजनिक आरोग्याची उपेक्षा आणि ठरवलेले व घडलेले यांतील दरी, ही दुखणी त्या अहवालाने स्पष्ट शब्दांत मांडली. दुखणे माहीत नव्हते असे म्हणायला त्यानंतर जागा उरली नाही. तरीही प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आजही रुग्ण तपासतो, औषधांचा साठा सांभाळतो, बैठकांना जातो आणि अहवालही पाठवतो.

नोंदीचे ओझे सर्वांत खालच्या पायरीवर किती जाचक होते, हे जानेवारी २०२५ मध्ये राजधानीला दिसले. कर्नाटकातील हजारो आशा कार्यकर्त्यांनी बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये धरणे धरले. निश्चित मानधन ही त्यांची मुख्य मागणी होती. प्रत्यक्ष केलेले काम आणि संगणकावरील नोंद यांचा मेळ बसत नसल्याने हक्काचा मोबदला बुडतो, हीही त्यांची एक तक्रार होती. गरोदर बाईला प्रसूतीसाठी दवाखान्यात पोहोचवणारी बाई खरी, तिची पायपीट खरी. पण पडद्यावर ओळ उमटली नाही तर ती पायपीट झालीच नाही! नोंद कामाचा पुरावा असावी, हे ठीक. नोंद हेच काम ठरू लागले की व्यवस्थेची दिशा चुकली, असे समजावे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. हिशेब मागितला नाही तर तांदूळ पोत्यातून नाहीसा होईल, औषधे बाहेर विकली जातील आणि शिक्षक शाळेत येणारच नाहीत. हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. अशा गोष्टी घडल्या आहेत. परंतु वह्यांची संख्या वाढली म्हणून चोरी थांबते, असा अनुभव नाही. पंचवीस वह्या तपासायला कोणालाच वेळ नसतो. म्हणून त्या भरणाराही त्या केवळ भरण्यासाठी भरतो. थोडक्या नोंदी आणि त्यांची खरी तपासणी यांतून जो वचक निर्माण होतो, तो ढीगभर कागदांतून होत नाही.

सुधारणा अशक्य आहे असेही नाही, आणि त्याची उदाहरणे कर्नाटकातच आहेत. शेतजमिनींच्या नोंदी संगणकावर आणणारा ‘भूमी’ प्रकल्प या राज्याने २००१ च्या सुमारास उभा केला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याची मनधरणी करण्याची शेतकऱ्याची वेळ टळली. ठरलेल्या मुदतीत सेवा देणे बंधनकारक करणारा ‘सकाल’ कायदा २०१२ पासून अमलात आला. महाराष्ट्रानेही २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा केला. बेंगळुरूमध्ये २००० साली अक्षयपात्र संस्थेने मध्यवर्ती स्वयंपाकघरातून शाळांना जेवण पोहोचवण्यास आरंभ केला. त्या पद्धतीविषयी मतभेद असतील; पण शिजवण्याचे ओझे शाळेबाहेर नेता येते, एवढे तिने दाखवून दिले. या साऱ्यांत एक सूत्र समान आहे : नागरिकाचा किंवा काम करणाऱ्याचा वेळ वाचला, तरच सुधारणा झाली असे मानायचे.

हेच सूत्र शाळा आणि दवाखाने यांना लावावे. एक माहिती एकदाच मागावी. नवी नोंदवही सुरू करायची असेल, तर जुनी एक बंद करावी. चार-पाच शाळांसाठी मिळून एक लिपिक द्यावा. प्रशासनाचे ओझे कमी करण्यासाठी कारकून नेमा, हे ऐकायला उलटे वाटेल. परंतु शिक्षिकेला कारकून करण्यापेक्षा कारकुनाला कारकून ठेवणे स्वस्तही आहे आणि शहाणपणाचेही. वरच्या कार्यालयांनीही आपल्याला एकच प्रश्न विचारावा : आपण मागवलेला कागद शेवटी कोण वाचतो?

२ सप्टेंबर २०२५ रोजी बेंगळुरूमध्ये एका महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका अस्तित्वात आल्या. कारभार लोकांच्या जवळ यावा, हा त्यामागील सांगितलेला हेतू. पाच आयुक्त, पाच कार्यालये आणि पाच शिक्के येतील, यात शंका नाही. मात्र या बदलाचे मोजमाप पालिकेच्या प्रसूतिगृहात आणि पालिकेच्या शाळेतच व्हायला हवे. परिचारिकेला बाळंतिणीजवळ बसायला आणखी दहा मिनिटे मिळाली का? शिक्षिकेला मागच्या बाकावरील मुलाची वही तपासायला वेळ उरला का? विधानसौधावरील ते वाक्य खरे ठरायचे असेल, तर ते याच दहा मिनिटांत ठरेल.